चिमण्या ओंजळीतील श्रद्धा
मराठी ख्रिस्ती घरांत बाळगोपाळांना धर्म कसा सांगितला जातो?

मार्गशीर्ष महिना आमच्या इंद्रायणी-पवनेच्या परिसरात उत्सवांची रास घेऊन येतो. चंपाषष्ठीचा खंडोबा, गीताजयंती, दत्तजन्म, आणि वद्य षष्ठीस चिंचवडच्या श्रीमोरया गोसावींचा संजीवन समाधी सोहळा. सुवासिनींचे महालक्ष्मीचे गुरुवार तर घरोघरी असतातच. बहुतेक वर्षी याच सुमारास पिंपरी, काळेवाडी, निगडी, चाकण या भागांतील काही घरांच्या दारी कागदी चांदणी लटकू लागते. ती पाहून आपली मुले विचारतात, "दिवाळी तर केव्हाच झाली, मग हा आकाशकंदील कशाचा?"

नाताळचा, हे उत्तर सोपे आहे. मात्र त्या चांदणीखालच्या घरात तीन-चार वर्षांचे जे लेकरू खेळत असते, त्याला त्याचे आईबाप येशू ख्रिस्त कोण हे कसे सांगत असतील, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आमचे सारे आयुष्य आळंदीच्या परिसरात कथाकीर्तनात गेले. जाणत्यांच्या सभेत दोन तास बोलणे सोपे, पण चार वर्षांच्या मुलाला दोन मिनिटे देवाविषयी सांगणे महाकठीण, हा आमचा नित्याचा अनुभव. म्हणूनच शेजारच्या धर्माने या कठीण कामासाठी कोणती साधने घडविली, याविषयी आम्हांस जिज्ञासा वाटत आली. शोधू जाता असे आढळले की त्यांतील उत्तमोत्तम साधने आपल्याच अंगणातली आहेत. आजच्या या पानावर त्यांचीच ओळख करून द्यावयाची आहे.

ओवीचे देणे

प्रारंभ थोडा मागे जाऊन केला पाहिजे. इ. स. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यास आला. पुढील चाळीस वर्षे त्याने तेथेच, विशेषतः साष्टी प्रांतात काढली आणि १६१९ मध्ये तो तेथेच निवर्तला. याच साष्टीत १५६७ मध्ये शेकडो देवळांचा विध्वंस झाला होता, हे विसरता येत नाही आणि विसरूही नये. राजसत्तेच्या धाकाने माणसांची नावे पालटली, वेष पालटला. परंतु सायंकाळी मुलाला मांडीवर घेऊन काय सांगावयाचे, हा प्रश्न त्या धाकाने सुटला नाही. पुराणे ऐकत वाढलेल्या त्या लोकांच्या कानांची भूक तशीच राहिली होती.

स्टीफन्सने ही भूक ओळखली. त्याने मराठीचा अभ्यास केला, आपल्या संतकवींचा ओवी छंद आत्मसात केला, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथाच्या आरंभीच अशी कथा येते की, चर्चमध्ये धर्मप्रश्नोत्तरांचा पाठ चालू असता एका ब्राह्मणाने उठून पाद्रीस विनविले: तुम्ही शिकविता ते ठीक, पण आमची पुराणे सुटली, त्यांच्या जागी मन रमेल असे काहीतरी आम्हांस द्या. या विनंतीचे उत्तर म्हणून हे पुराण अवतरले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपल्या वाचकांस परिचितच आहेत. एका परदेशस्थाला ज्ञानोबांची भाषा अशी गोड लागावी, यातच त्या भाषेचे सामर्थ्य दिसते.

याच स्टीफन्सने मुलांस व नवशिक्यांस उपयोगी पडेल असे धर्मप्रश्नोत्तरांचे पुस्तक कोकणीतही सिद्ध केले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, राचोल येथे छापले गेले. मूळ नमुना पोर्तुगीज पुस्तकाचा होता, आणि ते पुस्तक मुलांना शिकविण्यासाठीच गुरुशिष्यांच्या संवादरूपाने रचलेले होते. संस्कृताच्या अभ्यासकास या रीतीचे नवल वाटणार नाही. नचिकेता यमास विचारतो, परीक्षिती शुकास विचारतो, अर्जुन श्रीकृष्णास विचारतो. प्रश्नावाचून आपल्याकडे ज्ञानाचा उगमच होत नाही. फरक एवढाच की आपला नचिकेता स्वतःहून विचारतो, आणि छापील प्रश्नोत्तरीत प्रश्नही पाठ करावयाचा असतो. पाठ केलेल्या प्रश्नातून खरा प्रश्न उमलावयाचा, तर शिकविणाऱ्याजवळ फार माया लागते.

नगरचा मृदंग

दुसरा टप्पा अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. तेथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे पत्र निघाले. परंतु बालकांच्या आणि निरक्षरांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट घडली ती कृष्णराव रत्नोजी सांगळे यांच्या हातून. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा उभी करणारे म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. नमन, पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान, पदे, साकी, दिंडी, हा सारा नारदीय थाट त्यांनी उचलला आणि त्यात बायबलातील कथा ओतल्या.

घर सोडून गेलेल्या धाकट्या पुत्राची गोष्ट घ्या. वाटणी मागून परगावी गेलेला, सारे उधळून डुकरे राखण्याच्या पाळीस आलेला मुलगा पश्चात्तापाने परततो; बाप त्याला लांबूनच पाहतो आणि वृद्धपणाचा मान बाजूस ठेवून धावत सुटतो. हे आख्यान टाळमृदंगाच्या साथीत उभे राहिले, की पुढच्या रांगेतील बालश्रोत्यास पश्चात्ताप, कृपा, क्षमा असले जड शब्द सांगण्याची गरजच उरत नाही. बाप धावला, एवढे त्याला कळते आणि एवढे पुरते. आम्ही कीर्तनकार हे मर्म जाणतो. ध्रुवाच्या आख्यानात सावत्र आई त्याला बापाच्या मांडीवरून उठविते, त्या क्षणी सभेतील लहान मुले आपापल्या आईला अधिक बिलगतात. त्या बिलगण्यात भक्तीचा पहिला धडा असतो.

या परंपरेला कवित्वाची जोड दिली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८६१ मध्ये कोकणात करजगाव येथे जन्मलेले हे चित्पावन कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. देहूच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हां मंडळींना हे वाक्य अंतर्मुख करते. टिळकांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, कीर्तने केली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या पदसंग्रहात त्यांची पदे विपुल आहेत. महाराष्ट्राने त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हटले, आणि त्यांच्या बालकविता हिंदु घरांतील मुलांनीही शाळेत म्हटल्या. बालकवी ठोमरे याच टिळकांच्या घरी राहिले, वाढले.

टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' आरंभिले; पण १९१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले. तो ग्रंथ पुढे नेला तो लक्ष्मीबाई टिळकांनी. 'स्मृतिचित्रे'मुळे ही माउली मराठी घराघरांत ठाऊक आहे. लग्नानंतर जेमतेम अक्षरओळख झालेल्या या स्त्रीने पतीच्या मागे पुराणाचे अध्यायामागून अध्याय ओवीत रचावे, हे आपल्या जात्यावरच्या परंपरेचेच सामर्थ्य होय. १९३८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले. आजीच्या तोंडची ओवी हे बालशिक्षणाचे पहिले पुस्तक, मग ती ओवी कोणत्याही देवाची असो.

पुस्तकांचा विषय निघाला म्हणून सांगतो. अमेरिकन मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलांसाठी 'बालबोधमेवा' नावाचे मासिक काढले. विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' १८८१ चे आणि वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' १९०६ चे. 'बालबोधमेवा' त्या दोहोंच्या आधीचे. मुलांसाठी वेगळे, सोप्या भाषेचे मासिक असावे ही कल्पना आपल्याकडे रुजण्यास अशा प्रयत्नांचा हातभार लागला, हे मोकळ्या मनाने मान्य करावे. पुढे ओकांनी आणि आपट्यांनी ती कल्पना आपल्या रीतीने फुलविली आणि मराठी बालवाङ्मय समृद्ध झाले.

आपल्याच जिल्ह्यातील केडगावच्या पंडिता रमाबाईंचेही स्मरण येथे केले पाहिजे. अनंतशास्त्री डोंगरे या पुराणिकाची ही कन्या; १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्रात मोठे वादळ उठले, तो इतिहास प्रसिद्ध आहे. येथे सांगावयाचे ते इतकेच की, संस्कृतावर असे प्रभुत्व असलेल्या या विदुषीने उत्तर आयुष्यात बायबलचे भाषांतर केले ते सामान्य स्त्रियांना समजेल अशा साध्या मराठीत. दुष्काळातून वाचलेल्या मुलीबाळींना आपण आणलेला शब्द अर्थासह पोहोचावा, हा तिचा ध्यास होता. १९२२ मध्ये तिचे निधन झाले. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये छापून निघाले. विद्वत्ता मुलाच्या उंचीपर्यंत वाकते तेव्हाच ती शोभते, हे आम्हां शास्त्रीमंडळींनी तिच्याकडून शिकण्यासारखे आहे.

कारखान्यांच्या गावची रविवारची शाळा

ओवी आणि कीर्तन ही आपल्या मातीतली साधने झाली. 'रविवारची शाळा' मात्र इंग्लंडातून आली. जुन्या मराठीत तिला 'शब्बाथ शाळा' म्हणत. तिचा उगम पाहिला म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या माणसास ती परकी वाटणार नाही. इ. स. १७८० मध्ये ग्लॉस्टर या गावी रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्र चालविणाऱ्या गृहस्थाच्या असे दृष्टीस पडले की, टाचण्यांच्या कारखान्यांत सहा दिवस राबणारी गरिबांची मुले रविवारी रस्त्यांतून उनाडतात. त्याने त्यांना रविवारी एकत्र बसवून वाचावयास शिकविणे सुरू केले आणि धर्मपाठही दिले. म्हणजे ही शाळा एका कारखान्यांच्या गावची, श्रमिकांच्या लेकरांसाठी निघालेली शाळा होय. भारतात अशा शाळांचा संघ १८७६ मध्ये स्थापन झाला.

आपल्या पट्ट्याची कथाही कारखान्यांचीच आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठोत्तरी दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे प्रचंड कारखाने आले. नगर आणि मराठवाड्यातून, तसेच केरळ आणि तमिळनाडूतून जी कुटुंबे पोटासाठी येथे आली, त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. म्हणून येथील उपासना मराठीत होते, तशीच मल्याळम, तमिळ, हिंदी आणि इंग्रजीतही होते. येथे एक मौजेची अडचण आहे. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी. आपल्या मार्गशीर्षातील व्रताला ती सोयीची; पण रविवारच्या शाळेत मुलाला पोहोचविण्याच्या वेळी बाप बहुधा पहिल्या पाळीत यंत्रापुढे उभा असतो. मग आई, मावशी किंवा शेजारची ताई दोन-तीन घरची मुले गोळा करून नेते.

या शाळेचा क्रम साधा असतो. आधी लहानशी प्रार्थना. मग हातवारे करून म्हणावयाचे गाणे, कारण लहान मूल अंगाने शिकते आणि मग मनाने. त्यानंतर गोष्ट. गोष्टीस धरून एक वचन पाठ करावयाचे. शेवटी चित्र रंगविणे, कागद कापून काही बनविणे आणि खाऊ. उन्हाळ्याच्या सुटीत हाच क्रम आठ-दहा दिवस सलग चालतो. कॅथलिक पंथात धर्मशिक्षणाचे वर्ग असतात. तेथे पोप दहाव्या पायसने १९१० मध्ये, सातएक वर्षांचे समजू लागलेले मूल प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास योग्य मानावे, असा निर्णय दिला. आपल्याकडे आठव्या वर्षी मुंजीचा विचार सुरू होतो. बालकाच्या जाणतेपणाची वेळ दोन्हीकडच्या जुन्या जाणत्यांनी जवळजवळ एकच धरली, हे लक्षणीय आहे.

चित्रे, मेंढरे आणि गव्हाणी

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. फ्लॅनेलचे कापड ताणून केलेला फलक हे त्यांतील जुने आणि गुणी साधन. मागे लोकर लावलेली कागदी चित्रे त्यावर आपोआप चिकटतात. गोष्ट पुढे सरकते तशी माणसे येतात, जातात. दावीद येतो, अगडबंब गल्याथ पडतो. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीतही हाच आनंद असतो: एक चित्र, एक कथनकार आणि श्वास रोखून बसलेली मुले.

दुसरे साधन आहे 'शब्दाविण पुस्तक'. यात अक्षर नाही, केवळ रंगीत पाने. इ. स. १८६६ मध्ये स्पर्जन या प्रसिद्ध इंग्रज धर्मोपदेशकाने तीन पानांची कल्पना मांडली: काळे पापाचे, तांबडे ख्रिस्ताच्या रक्ताचे, पांढरे शुद्धतेचे. पुढे स्वर्गाचे सोनेरी आणि वाढीचे हिरवे पान जोडले गेले. निरक्षरासही ही पोथी वाचता येते, ही युक्ती कुशल खरी. तथापि पहिल्या पानापाशी आम्ही थबकतो. आमच्या विठोबाचा वर्ण सावळा, श्रीरामाचा श्यामल, आमच्या शेतकऱ्याची माती म्हणजे 'काळी आई', आणि आमच्या निम्म्या लेकरांची कांती मेघासारखी. त्या लेकरास काळा रंग पापाचा म्हणून शिकविणे या भूमीत साजत नाही. ते मूल पुस्तक मिटून आपल्या हाताकडे पाहील. ख्रिस्ती शिक्षकांतही याविषयी विचार झालेला आहे. मराठी ताईंनी त्या पानास 'अंधाराचे पान' म्हटले तर अर्थ राहतो आणि मूलही दुखावत नाही.

तिसरे साधन आम्हांस सर्वांत भावते. सोफिया कावालेत्ती या हिब्रू भाषेच्या रोममधील विदुषीने १९५४ मध्ये, माँटेसोरी पद्धतीच्या एका शिक्षिकेच्या साहाय्याने, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी एक रीत बसविली. लाकडाचे लहानसे कोंडवाडे, त्यात लाकडी मेंढरे आणि एक मेंढपाळ. शिक्षिका चांगल्या मेंढपाळाची गोष्ट थोडक्यात, सावकाश सांगते. हा मेंढपाळ प्रत्येक मेंढरास नावाने हाक मारतो. ती त्याचा आवाज ओळखतात. मग ती मुलांना विचारते, ही मेंढरे कोण बरे असावीत? आणि गप्प बसते. उत्तर सांगावयाची घाई ती करीत नाही. मूल दिवसचे दिवस ती मेंढरे आत-बाहेर करीत राहते आणि एके दिवशी आपणहून म्हणते, ही मेंढरे म्हणजे आम्हीच!

माँटेसोरीबाई स्वतः १९३९ ते १९४६ या काळात बहुतांशी भारतात होत्या, आणि आपल्या ताराबाई मोडकांनी त्यांचे विचार बोर्डी-कोसबाडच्या अंगणवाडीत नेले. म्हणजे ही रीतही आपल्यास सर्वस्वी नवी नव्हे. आणि मेंढपाळ तर आपला रोजचा. चाकण-खेडच्या रानांत आजही धनगरांचे कळप दिसतात; शेतकरी खतासाठी रात्री मेंढ्या शेतात बसवितात. काठी टेकून उभ्या असलेल्या त्या घोंगडीवाल्याकडे बोट दाखवून जी आई मुलाला ही गोष्ट सांगेल, तिला लाकडी खेळण्याचीही गरज नाही.

मग येते नाताळची गव्हाणी. १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो या इटालियन खेड्यात खरा बैल, खरे गाढव आणि वाळले गवत मांडून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. अडाणी गावकऱ्यांना ते बाळ किती गरिबीत जन्मले हे डोळ्यांनी दिसावे, हा त्याचा हेतू. तेव्हापासून ही चाल जगभर गेली. आपल्याकडील ख्रिस्ती मुले दिवाळीतल्या किल्ल्यासारखीच तिच्यापायी हरखून जातात: माती, दगड, कडबा, पुठ्ठ्याचे डोंगर, आरशाचे तळे. गोव्याकडे आणि कोकणकिनारी काही घरांत आठ-दहा दिवस आधी नाचणी पेरून तिचे हिरवे अंकुर देखाव्यात ठेवतात. आपल्या नवरात्रातील घटापुढच्या धान्याची आठवण होऊन मन भरून येते. कापसाचे बर्फ पसरण्यापेक्षा ही नाचणी कितीतरी अधिक बोलकी. मुलाने रोज पाणी घालून उगविलेल्या त्या अंकुरांत वाट पाहण्याचा धडा आहे, आणि वाट पाहणे हे भक्तीचे अर्धे अंग आहे.

या देखाव्याबरोबर ताटही येते. करंज्या, कलकल, दोदोल, केक यांचे ताट झाकून ख्रिस्ती मूल शेजारच्या घरी घेऊन जाते. दिवाळीत आपले मूल फराळाचे ताट नेते, तसेच. रिकामे ताट परत करू नये, ही आपल्या आजीची शिकवण दोन्हीकडे सारखी पाळली जाते.

नव्या काळाची साधनेही आहेत. अनंत पै यांनी १९६७ मध्ये आरंभिलेल्या 'अमर चित्र कथे'ने राम-कृष्णांबरोबर येशू ख्रिस्ताचीही चित्रकथा दिली. १९७९ चा येशूचरित्राचा चित्रपट असंख्य भाषांत पोहोचला; २०१३ पासून मुलांसाठी बायबलकथांचे हलते-बोलते ॲप मोबाइलवर आहे. चित्र हलते, बोट लावले की कोकरू बें करते. सारे मनोहर, परंतु मुलाने मध्येच "ते बाळ थंडीने रडले का हो?" असे विचारले, तर मोबाइल थांबत नाही, त्याची कथा पुढे जाते. आजी थांबते. साधनाची परीक्षा करावयाची तर याच ठिकाणी करावी, असे आमचे मत आहे.

उंबरठ्याची मर्यादा

येथवर आम्ही बोललो ते ख्रिस्ती घराने आपल्या स्वतःच्या लेकरास धर्म सांगण्याविषयी. दुसऱ्याच्या लेकरास सांगण्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो टाळून हा लेख पुरा होणार नाही.

इ. स. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री हा तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, जो अजून लहान मुलगा होता, मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. पित्याने न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने मुलास पित्याच्या स्वाधीन केले. परंतु घरी आलेल्या त्या बालकास ज्ञातीने पंक्तीस घेण्याचे नाकारले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून धैर्याने पक्ष मांडला, आणि त्यासाठी स्वजनांचा रोष पत्करला. या प्रकरणात दोन्ही बाजूंस बोध आहे. ज्याचे बोट अजून आईबापांच्या हाती आहे, त्या मुलाला त्यांच्या नकळत खाऊच्या, खेळण्याच्या किंवा शाळेच्या मिषाने आपल्या धर्माकडे वळविणे हा त्या मातापित्यांचा अपराध होय. आणि भांबावून परतलेल्या लेकरास दार बंद करणे हा धर्माचा अपराध होय. बाळशास्त्रींना हे दुसरे सत्य तेव्हा दिसले, म्हणून ते थोर.

आज या मर्यादेला राज्यघटनेचा आधार आहे. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे, शासनमान्य किंवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या शाळेत कोणासही त्याच्या संमतीवाचून, आणि अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणास वा उपासनेस बसण्याची सक्ती करता येत नाही. हा नियम जसा मिशनच्या शाळेस लागू, तसाच आपण चालविलेल्या शाळेसही. आपल्या मुलास नको असलेली सक्ती शेजाऱ्याच्या मुलावर होऊ नये, याची काळजी बहुसंख्यांनी अधिक घ्यावयाची असते. एखाद्या ख्रिस्ती मुलास वर्गात "तुमचा देव परदेशी" म्हणून कोणी हिणविले, तर आपल्या मुलाने त्यास थांबवावे. ज्याची प्रार्थना ओवीत आणि अभंगात आहे, तो परदेशी कसा?

आपल्या देव्हाऱ्यापुढे

वाचकहो, हे सारे वाचून मनात प्रश्न उभा राहतो तो आपल्याच घराविषयी. आपल्याजवळ साधनांची वाण कधीच नव्हती. कथेच्या मिषाने बालकांना नीती सांगण्याचा संकल्प हितोपदेशकाराने कित्येक शतकांपूर्वी केला. वेद जपण्यासाठी पद, क्रम, जटा, घन अशा पाठांच्या रीती आपण शोधल्या. भोंडल्याची गाणी, चातुर्मासातील कहाण्या, दिवेलागणीचे शुभंकरोति, वारीतील खांद्यावरचे मूल, हे सारे बालशिक्षणच होते. आळंदीत जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेने कोवळ्या मुलांच्या हाती टाळ-मृदंग दिला.

पण दुसरी पाळी करून रात्री उशिरा परतणारा बाप, दिवसभर राबून थकलेली आई, गावी राहिलेली आजी आणि दोन खोल्यांत मोबाइलपुढे बसलेले मूल, हे चित्र पिंपरीपासून चाकणपर्यंत सर्व धर्मांच्या घरांत आज एकच आहे. सप्ताहाचे मंडप मोठे झाले, ध्वनिक्षेपक मोठे झाले; मांडीवरची गोष्ट मात्र आटत चालली. ख्रिस्ती मंडळींनी निदान आठवड्याचा एक तास मुलांसाठी राखून ठेवला आहे, त्यासाठी कोणी ताई चित्रे कापते, कोणी दादा पेटी वाजवितो. आपल्या घरी असा तास कोणता?

आमची सूचना साधी आहे. या मार्गशीर्षात गुरुवारची सुटी आणि गुरुवारचे व्रत जुळून आलेच आहेत. कहाणी वाचून झाली की पोथी मिटावी आणि मुलाला जवळ ओढून तीच कहाणी आपल्या शब्दांत सांगावी. मध्ये त्याने विचारले तर थांबावे. उत्तर ठाऊक नसेल तर "आपण दोघे मिळून शोधू" म्हणावे. घरात चौरंग मांडताना एखादे फूल त्याच्या हाती द्यावे, एखादे धान्य त्याच्या हातून पेरावे. एवढ्याने फार होते.

आणि शेजारच्या दारी चांदणी लागली असेल, तर मुलाला घेऊन ती गव्हाणी पाहून यावे. त्या घरच्या मुलाला तिची गोष्ट सांगू द्यावी आणि आपल्या मुलाने ती ऐकावी. परतताना आपले मूल विचारील, "आपल्याही देवाचा जन्म असाच रात्री, तुरुंगात झाला ना?" तेव्हा त्याला श्रीकृष्णजन्माची कथा सांगावी, घाई न करता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.